अपडेट करायला सांगता, तर जुनी कॉन्फिग फाइलही वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट करा’ हा सल्ला आपल्या दैनिकात वरचेवर येतो. कुठे सुरक्षेतली त्रुटी उघडकीस आली, कुठे माहिती चोरीला गेली, की बातमीच्या शेवटी ही ओळ असतेच. सल्ला योग्यच आहे. सर्व्हर सांभाळणं हे माझं काम आहे आणि माझ्याबरोबरच्या नव्या मुलामुलींना मीही हेच सांगते. पण अपडेट न करणारा माणूस आळशी किंवा बेफिकीर असतो, असं या ओळीत गृहीत धरलेलं असतं. ते मला मान्य नाही. अपडेट टाळणारे पुष्कळ जण एकदा पोळलेले असतात. सुरळीत चाललेलं काम अपडेटनंतर बंद पडलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे कॉन्फिग फाइल, आणि तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत मी आजवर काही वाचलेलं नाही. म्हणून हे पत्र.

ज्यांचा या प्रकाराशी रोज संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रोग्रॅम कंपनीने लिहिलेला असतो. कॉन्फिग फाइल तो प्रोग्रॅम चालवणारा माणूस लिहितो. कोणाला आत येऊ द्यायचं, लॉग (कामाची नोंद) कुठे लिहायचा, किती वेळ वाट पाहून संपर्क तोडायचा, बॅकअप किती दिवस ठेवायचा, हे सगळं तिच्यात असतं. बहुतेकदा ती साध्या मजकुराची फाइल असते. चांगल्या हातांनी सांभाळलेल्या फाइलीत सेटिंगच्या वर टीपही सापडते, की हा आकडा असा का ठेवला, तो कमी केला तेव्हा काय झालं होतं. आधीच्या माणसाची सगळी समज त्या फाइलीत साठलेली असते. प्रोग्रॅम पुन्हा डाउनलोड करता येतो. ही फाइल कुठूनच डाउनलोड करता येत नाही.

मी सांभाळत असलेल्या एका ठिकाणी बॅकअपचं एक सॉफ्टवेअर होतं. जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या याचं एक सेटिंग त्यात होतं आणि आम्ही तो आकडा विचारपूर्वक मोठा ठेवला होता. नव्या आवृत्तीत त्या सेटिंगचं नाव बदललं. आमच्या फाइलीत जुनंच नाव होतं. प्रोग्रॅमने ते वाचलं, ओळखलं नाही, आणि अवाक्षर न काढता पुढे गेला. दिवसांचा आकडा मिळाला नाही म्हणून त्याने स्वतःचा डिफॉल्ट, म्हणजे काही न सांगितल्यास धरायचा आकडा, घेतला. तो आमच्या आकड्यापेक्षा फारच लहान होता. मग त्या नियमानुसार जुन्या प्रती पुसल्या गेल्या. रोज सकाळी ‘बॅकअप यशस्वी’ असा निरोप येत राहिला, आणि तो खराही होता. कुणीतरी एक जुनी फाइल मागितली तेव्हा प्रकार लक्षात आला. तोवर परत आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. विचारणा केली तर उत्तर आलं की नवं नाव कागदपत्रांत दिलेलं आहे.

हे आठवलं की मला आजही संताप येतो, कारण हे टाळायला प्रोग्रॅमरला कोडच्या चार ओळी पुरल्या असत्या. जुनं नाव दिसलं तर ते नव्या नावासारखं माना आणि लॉगमध्ये एक इशारा लिहा. ओपनएसएसएच हे सर्व्हरवर दुरून काम करण्याचं सॉफ्टवेअर बघा. २०२१ मध्ये त्याच्या ८.५ आवृत्तीत एका सेटिंगचं नाव बदललं, पण जुनं नावही चालू ठेवलं. ज्या सेटिंगचा आता काही उपयोग उरलेला नाही, ते फाइलीत दिसलं तर तो सर्व्हर ‘हे कालबाह्य आहे’ असं सांगतो आणि काम सुरू ठेवतो. आणि अजिबात न ओळखीचं नाव आलं तर ओळ क्रमांक सांगून थांबतो, सुरूच होत नाही. तीन प्रसंग, तीन वेगळी वागणूक, आणि एकदाही माणसाचं सेटिंग गुपचूप डावललं जात नाही. शिवाय सर्व्हर प्रत्यक्ष सुरू न करता फाइल तपासून घेण्याची कमांड आहे. अशी कमांड ज्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्याचं अपडेट करायला माझा हात धजत नाही.

आता आवृत्तीच्या आकड्याविषयी. फाइलीच्या पहिल्या ओळीत ही फाइल कोणत्या रचनेत लिहिली आहे ते सांगणारा आकडा असावा, असं मी ठामपणे म्हणते. हा आकडा रचनेचा हवा, प्रोग्रॅमचा नव्हे. प्रोग्रॅमच्या कितीही आवृत्त्या निघोत, फाइलीची रचना तीच असेल तर आकडा बदलायचं कारण नाही. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन वापरणाऱ्या कुणीही आपल्या रिपॉझिटरीतली (प्रकल्पाच्या साठ्यातली) कॉन्फिग फाइल उघडून बघावी. रचनेचा आकडा तिथे लिहिलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी तो आजही शून्यच आहे. गिट २००५ पासून आहे, इतक्या वर्षांत त्यात केवढी भर पडली, तरी तो आकडा उगाच वाढवलेला नाही. जिथे तो १ असतो तिथे नियमही स्पष्ट आहे: ‘एक्स्टेन्शन्स’ या भागात न ओळखीचं नाव दिसलं तर त्या रिपॉझिटरीला हात लावायचा नाही.

आकडाच नसेल तर? इथे अनेक प्रोग्रॅमर उलटं वागतात. आकडा नाही म्हणजे फाइल आजच्या रचनेतली आहे, असं धरतात. पण ज्या काळात आकडा लिहायची पद्धतच नव्हती, त्या काळातल्या फाइलींत तो येणार कुठून? आकडा नाही याचा अर्थ एकच: सर्वांत जुनी रचना. रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने हे नेमकं केलं आहे. तिच्या प्रकल्पाच्या फाइलीत ‘एडिशन’ लिहायची सोय आहे: २०१५, २०१८, २०२१, २०२४. ती ओळच नसेल तर २०१५ धरली जाते. जुना प्रकल्प लिहून बाजूला ठेवलेल्या माणसाला त्यामुळे काही करावं लागत नाही.

नुसती सोय ठेवून भागत नाही, हे यॅमलवरून दिसतं. कॉन्फिग फाइलींसाठी ही लेखनपद्धत सर्रास वापरतात. तिच्या १.१ आवृत्तीत ‘येस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हे अवतरणचिन्हांशिवाय लिहिले तर त्यांचा अर्थ खरं किंवा खोटं असा होतो. त्यामुळे देशांच्या संक्षेपांच्या यादीत नॉर्वेचा ‘एनओ’ (NO, म्हणजे इंग्रजी ‘नो’च) लिहिला की प्रोग्रॅमला देशाच्या जागी ‘खोटं’ मिळतं. २००९ च्या १.२ आवृत्तीने हे दुरुस्त केलं. पण दुरुस्तीमुळे नवा पेच आला. फाइलींच्या परवानग्या (कोणी वाचायचं, कोणी बदलायचं) आपण ०६४४ अशा आकड्यांत लिहितो. १.१ मध्ये सुरुवातीच्या शून्यामुळे ही अष्टमान (आठच्या पटीत मोजलेली) संख्या ठरते, १.२ मध्ये तीच साधी सहाशे चव्वेचाळीस होते. दोन्ही प्रकारचे पार्सर, म्हणजे फाइल वाचून अर्थ लावणारे कोड, आजही वापरात आहेत. फाइलीच्या डोक्यावर यॅमलची आवृत्ती लिहायची तरतूद पहिल्यापासून आहे, पण ती लिहिणारा माणूस मला क्वचितच भेटला. मग एकच फाइल दोन प्रोग्रॅम दोन अर्थांनी वाचतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. डॉकर कम्पोज या, अनेक प्रोग्रॅम एकत्र चालवण्याच्या साधनाच्या फाइलीतही वरची आवृत्तीची ओळ लोक एकमेकांच्या फाइलीतून उचलत राहिले. आता ती ओळ निरुपयोगी ठरवून प्रोग्रॅम तसा इशारा देतो. आकडा लिहायला लावायचा तर तो वाचून त्याप्रमाणे वागायलाही हवं.

उलट दिशेचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: जुन्या प्रोग्रॅमसमोर नवी फाइल आली तर? अपडेट फसलं आणि मागे यावं लागलं की हेच होतं, आणि त्या क्षणी माणूस आधीच घाबरलेला असतो. इथे एसक्यूलाइट या डेटाबेसच्या रचनाकारांचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांच्या डेटाबेस फाइलीच्या सुरुवातीच्या १०० बाइटांत दोन वेगळे आकडे आहेत, एक लिहिण्यासाठी आणि एक वाचण्यासाठी. लिहिण्याचा आकडा प्रोग्रॅमला कळतो त्यापेक्षा मोठा असेल, पण वाचण्याचा कळत असेल, तर फाइल फक्त वाचण्यासाठी उघडते. वाचण्याचाही कळत नसेल तर उघडतच नाही. पीएनजी चित्रांच्या रचनेत, १९९६ मध्येच, प्रत्येक तुकड्याच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं की लहान यावरून ठरतं की तो तुकडा कळला नाही तर थांबायचं की सोडून पुढे जायचं. लिनक्सच्या एक्स्ट कुळातल्या फाइल सिस्टिममध्येही नव्या सोयींच्या तीन याद्या असतात: एक न कळली तरी चालणारी, दुसरी न कळल्यास फक्त वाचू देणारी, तिसरी न कळल्यास दार बंद करणारी. पुढे काय येईल हे यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. पण माहीत नसलेलं समोर आल्यावर कसं वागायचं, ते त्यांनी आधीच ठरवून ठेवलं.

‘आपण पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं स्वीकारताना उदार राहा’ हे इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी एक जॉन पोस्टेल यांचं १९८० चं सूत्र आमच्या क्षेत्रात फार मानलं जातं. इंटरनेट वाढायला त्याची मदत झाली, हे खरंच. पण कॉन्फिग फाइलीच्या बाबतीत मी त्याच्या विरोधात आहे. न ओळखीचं सेटिंग उदारपणे सोडून देणं म्हणजे चालवणाऱ्याचं म्हणणं न ऐकणं. टायपिंगची चूक असो की जुनं नाव असो, प्रोग्रॅमने थांबून विचारावं. प्रोटोकॉलच्या, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांच्या, बाबतीतही आंधळी उदारता कालांतराने घातक ठरते, असं २०२३ च्या आरएफसी ९४१३ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात सविस्तर मांडलेलं आहे.

एकदा वापरलेलं नाव दुसऱ्या अर्थाने पुन्हा वापरू नये, हा नियम तर कुणीच मोडू नये. नाइट कॅपिटल ही शेअर बाजारात व्यवहार करणारी अमेरिकी कंपनी होती. कित्येक वर्षं पडून असलेल्या एका सोयीचा फ्लॅग (ती सोय चालू करणारी खूण) त्यांनी नव्या सोयीसाठी वापरला आणि जुना कोड तसाच राहू दिला. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलेला नव्हता. तिथे त्या फ्लॅगने जुनीच सोय जागी केली. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. प्रोटोकॉल बफर्स या, प्रोग्रॅममध्ये माहितीची देवाणघेवाण करण्याच्या रचनेत काढून टाकलेल्या फील्डचा (माहितीच्या रकान्याचा) क्रमांक ‘राखीव’ म्हणून नोंदवून ठेवायची सोय आहे, ती याचसाठी. सेटिंगचं एकक बदललं, सेकंदांचं मिलिसेकंद केलं, आणि नाव तेच ठेवलं, तर तोही हाच प्रकार झाला. ३० चा अर्थ हजारपटीने लहान होतो आणि फाइल बघून कुणालाही काही वावगं दिसत नाही.

फाइलीत जे लिहिलेलं नसतं तेसुद्धा बदलतं, याचाही विसर पडतो. बरीचशी सेटिंग लोक लिहीतच नाहीत, डिफॉल्टवर विसंबतात. म्हणून डिफॉल्ट बदलणं हा लहान बदल नव्हे. २०१४ मध्ये गिट २.० आलं तेव्हा नुसत्या ‘पुश’चा, म्हणजे आपला कोड दुसरीकडे पाठवण्याच्या कमांडचा, अर्थ बदलला. आधी जुळत्या नावाच्या सगळ्या शाखा (कोडच्या समांतर प्रती) जात, आता फक्त चालू शाखा जाते. पण त्याआधीच्या आवृत्त्यांत, ज्यांनी हे सेटिंग स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, त्यांना प्रोग्रॅम बजावत होता की हे बदलणार आहे, तुम्हाला काय हवं ते लिहून ठेवा.

माझ्याबरोबर काम करणारा एक तरुण प्रोग्रॅमर म्हणतो की जुन्याचं ओझं वाहत बसलं तर नवं काही करताच येणार नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. जुनी रचना वाचणारा प्रत्येक कोड तपासावा लागतो, त्यात सुरक्षेची भोकं राहू शकतात. सगळं जन्मभर चालवा, असं मी म्हणतच नाही. काढायचं तर आधी सांगून, मुदत देऊन काढा. कुबेरनेटीस या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने बीटा (अजून पक्क्या न झालेल्या) रचनेसाठी किमान नऊ महिने किंवा तीन आवृत्त्या, यांतली जी मुदत मोठी ती, असा नियमच केला आहे. कोडपासून प्रोग्रॅम तयार करायला मदत करणाऱ्या सीमेकच्या ४.० आवृत्तीने २०२५ मध्ये ३.५ च्या आधीच्या रचनांची साथ सोडली, ३.५ आली होती २०१६ मध्ये, आणि मधल्या आवृत्त्या इशारा देत होत्या. यात कुणाचा विश्वासघात नाही.

त्या तरुणाला मी ‘मेक’ची गोष्ट सांगितली. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याचं हे साधन लिहिलं. कमांडच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हायला हवी, स्पेसने चालत नाही, हा त्यातला नियम गैरसोयीचा आहे हे त्यांच्याही लवकरच लक्षात आलं. पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते आणि त्यांच्या फाइली मोडू नयेत म्हणून नियम तसाच राहिला. आज जगभरचे प्रोग्रॅमर त्या टॅबला अडखळतात. फाइलीच्या डोक्यावर रचनेचा आकडा असता तर डझनभर जुन्या फाइली जुन्या नियमाने चालल्या असत्या आणि नव्यांसाठी नियम बदलता आला असता. त्या एका ओळीचा सर्वांत जास्त फायदा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाच होतो, त्याला बदल करायची मोकळीक मिळते. हे त्याला पटलं.

जुनी फाइल नव्या रचनेत आणण्याचं काम कसं करावं, तेही सांगते. एकातून दोन, दोनातून तीन, अशा लहान पायऱ्या लिहाव्यात आणि एकदा लिहिलेल्या पायरीला पुन्हा हात लावू नये. जुनी फाइल वाचताना बदल फक्त मेमरीत व्हावा. डिस्कवरची फाइल माणसाने सांगितल्याशिवाय बदलू नये, आणि बदलली तर मूळ प्रत शेजारी ठेवावी. डेबियन या लिनक्समध्ये पॅकेज अपडेट करताना कॉन्फिग फाइल तुम्हीही हाताने बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदललेली असेल तर ते विचारतं, आणि नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच फाइल राहते. असंच असायला हवं. उलट काही सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगच्या खिडकीतून एक टिक बदलली की पूर्ण फाइल नव्याने लिहिली जाते आणि आपल्या सगळ्या टिपा नाहीशा होतात. न कळलेली फील्ड गाळून टाकण्याची हीच खोड प्रोटोकॉल बफर्सच्या तिसऱ्या पिढीलाही सुरुवातीला होती. २०१७ मध्ये ३.५ आवृत्तीत ती फील्ड पुन्हा जपली जाऊ लागली.

आणि खऱ्या वापरातल्या जुन्या फाइली, त्यांतली गुप्त माहिती काढून, टेस्टमध्ये ठेवा. प्रोग्रॅमरने मनाने बनवलेली नमुना फाइल नेहमी नीटनेटकी असते. लोकांच्या फाइली तशा नसतात. त्यांत एकच सेटिंग दोनदा असतं, मध्येच टॅब असतात, पहिल्या आवृत्तीपासून राहून गेलेल्या ओळी असतात. त्या फाइली प्रत्येक रिलीजच्या आधी वाचल्या गेल्या तर आमच्या बॅकअपसारखे प्रकार कंपनीतच पकडले जातील.

आपल्याकडे माझी विनंती अशी. एखाद्या मोठ्या अपडेटची बातमी देताना कंपनीला आणखी तीन प्रश्न विचारावेत: मागच्या आवृत्तीच्या कॉन्फिग फाइली जशाच्या तशा चालतात का, नावं किंवा डिफॉल्ट कुठे बदलले आहेत, आणि मागे परतायचं झालं तर फाइल वाचता येईल का. उत्तर मिळालं नाही तर तेही छापावं. आणि ‘अपडेट करा’ या ओळीच्या आधी वाचकांसाठी एवढं जोडावं, की कॉन्फिग फाइलीची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, तपासणीची कमांड असेल तर ती चालवा, आणि अपडेटनंतर पहिल्या दिवशी लॉग उघडून इशारे वाचा.

आपली,
सर्व्हर व्यवस्थापनाचं काम करणारी एक नियमित वाचक